वाटेतल्या खुणा: हजिरा-पारादीप महामार्गावर कुठे थांबावे, आणि का?

देशाच्या पश्चिम किनाऱ्यावरील हजिरा येथून निघणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ खानदेश, वऱ्हाड आणि नागपूर ओलांडून छत्तीसगडमध्ये शिरतो आणि ओडिशातील पारादीप बंदरापाशी संपतो. रुंदीकरणामुळे या मार्गावरील प्रवास वेगवान झाला आहे. मात्र ज्या खुणांच्या आधारे एकेकाळी या रस्त्यावरून वाटचाल होत असे, त्या खुणा आता प्रवाशांच्या नजरेआड होऊ लागल्या आहेत.

छत्तीसगडमधील दुर्ग-भिलाई हे जोडशहर या महामार्गाच्या जवळपास मध्यावर वसले आहे. तेथील पद्मनाभपूर वसाहतीतून निघालेली मोटार सुमारे अडीचशे किलोमीटर अंतर कापून नागपूरला पोहोचते. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडमध्ये स्थिरावलेल्या आणि पुढे पोलाद कारखान्याच्या निमित्ताने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी ही वाट सणासमारंभाची, लग्नकार्याची आणि गावाकडच्या ओढीची आहे. तरीही या वाटेवर नेमके काय आहे, हे वर्षानुवर्षे तेथून जाणाऱ्यांपैकी अनेकांना सांगता येत नाही.

दूरच्या प्रवासात वाटेतील खुणांपाशी थांबणे ही केवळ हौस नाही. त्यात चालकाची सुरक्षितता, रस्त्याकडेच्या गावांचे अर्थकारण आणि प्रदेशाची स्मृती या तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

क्रमांकामागचा अर्थ

जुन्या पिढीला हा रस्ता 'सहा नंबर' म्हणून ठाऊक आहे. हजिरा ते कोलकाता असा तो पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होय. २०१० मध्ये देशातील महामार्गांना नवे क्रमांक देण्यात आले. तेव्हा हजिरा ते पारादीप या मार्गास ५३ हा क्रमांक मिळाला.

नव्या पद्धतीत एक सोपा नियम आहे. पूर्व-पश्चिम धावणाऱ्या प्रमुख महामार्गांना विषम, तर उत्तर-दक्षिण धावणाऱ्यांना सम क्रमांक दिले जातात. विषम क्रमांक उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जातात. सम क्रमांक पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढतात. श्रीनगर ते कन्याकुमारी हा ४४ क्रमांकाचा महामार्ग आणि ५३ क्रमांकाचा हा महामार्ग नागपूर येथे एकमेकांना छेदतात. हा नियम लक्षात ठेवणाऱ्या प्रवाशास फलकावरील क्रमांकावरूनच दिशेचा अंदाज बांधता येतो.

रस्त्याकडेच्या अंतरदर्शक दगडांचीही अशीच एक भाषा आहे. माथ्यावर पिवळा रंग असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग आणि हिरवा असेल तर राज्य महामार्ग समजावा. केशरी रंग ग्रामीण रस्त्याचा निदर्शक असून, २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेमुळे तो खेडोपाडी परिचित झाला. मुख्य रस्ता सोडून एखादे मंदिर वा किल्ला पाहण्यास निघालेल्या प्रवाशाला आपण कोणत्या दर्जाच्या रस्त्यावर आलो आहोत, हे त्या दगडावरून कळते.

वाटेवर खुणा उभारण्याची परंपरा आपल्याकडे प्राचीन आहे. मार्गावर सावलीसाठी झाडे लावल्याचे आणि ठरावीक अंतरावर विहिरी खोदविल्याचे सम्राट अशोकाने आपल्या स्तंभलेखात नमूद केले आहे. उत्तर भारतात मोगल काळातील कोसमिनार आजही दिसतात. अहिल्याबाई होळकरांनी तीर्थमार्गांवर बांधलेल्या विहिरी, घाट आणि धर्मशाळा याच परंपरेतल्या. या खुणा वाटसरूला दिशा देत, अंतर सांगत आणि विसाव्यासाठी जागा देत. दिशा आणि अंतर सांगण्याचे काम आता मोबाइल फोन करतो. विसाव्याचा निर्णय मात्र अजूनही माणसालाच घ्यावा लागतो.

शून्य मैलाचा दगड: एक रूढ गैरसमज

या मार्गावरील सर्वाधिक छायाचित्रित खूण बहुधा नागपूरचा 'झिरो माइल' स्तंभ ही असावी. सीताबर्डी परिसरात विधानभवनाजवळ वालुकाश्माचा स्तंभ, उधळलेले चार घोडे आणि विविध शहरांची अंतरे कोरलेला षटकोनी दगड असे हे स्मारक आहे. हा भारताचा भौगोलिक केंद्रबिंदू असल्याचे सर्रास सांगितले जाते.

वस्तुस्थिती थोडी निराळी आहे. हे १९०७ मधील भारतीय सर्वेक्षणाचे प्रमाण तलचिन्ह आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची अचूक मोजून ती कायमस्वरूपी नोंदविण्यासाठी अशी चिन्हे उभारली जात. पुढील मोजणी करणारे पथक त्या उंचीचा आधार घेऊन आसपासच्या प्रदेशाची पातळी ठरवीत असे. रेल्वेमार्ग, कालवे आणि धरणे यांच्या आखणीस अशा नोंदी अत्यावश्यक होत्या. थोडक्यात, हा दगड देशाचा मध्य दाखविण्यापेक्षा त्या जागेची उंची सांगण्यासाठी उभा केला गेला.

सर्वेक्षणाच्या या इतिहासाची दुसरी खूण नागपूरच्या दक्षिणेस, ४४ क्रमांकाच्या महामार्गावरील हिंगणघाट येथे आहे. १८०२ मध्ये मद्रास येथून भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणास प्रारंभ करणारे विल्यम लॅम्टन १८२३ मध्ये हिंगणघाट येथे मरण पावले. त्यांचे दफनही तेथेच झाले. त्यांचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी चालविले आणि एव्हरेस्ट यांचे नाव जगातील सर्वोच्च शिखरास मिळाले. नागपूरच्या स्तंभापाशी गर्दी होते. लॅम्टन यांच्या समाधीकडे मात्र क्वचितच कोणी वळते.

वऱ्हाडातील थांबे

गुजरातकडून येताना जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगर लागते. जुने नाव एदलाबाद. संत मुक्ताबाईंच्या स्मृतीने पावन झालेला हा परिसर तापी आणि पूर्णा यांच्या संगमाजवळ असून, संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. येथून निघणारी मुक्ताईंची पालखी आषाढीसाठी दीर्घ पल्ल्याची पायी वाटचाल करून पंढरपुरास जाते. मोटारीने तासाभरात ओलांडल्या जाणाऱ्या टप्प्याला वारकऱ्यांचे काही मुक्काम लागतात, हे येथे थांबल्यावर ध्यानात येते.

पुढे बुलढाणा जिल्ह्यात नांदुरा येथे रस्त्यालगतच १०५ फूट उंचीची हनुमानाची मूर्ती आहे. दुरूनच दिसणारी ही मूर्ती ट्रकचालकांची ठरलेली खूण आहे. त्यानंतर अकोला जिल्ह्यात बाळापूर येते. मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरील येथील भुईकोट किल्ला अठराव्या शतकात पूर्ण झाला. गावातील छत्री मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाते. १६६५ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांशी पुरंदरचा तह करणारे ते हेच जयसिंग. दख्खनच्या या मोहिमेनंतर परतताना १६६७ मध्ये बऱ्हाणपूर येथे त्यांचे निधन झाले. शालेय पुस्तकात तहापुरते भेटणारे हे नाव बाळापुरात दगडी खांबांच्या रूपाने समोर येते.

अकोला ते अमरावती हा टप्पा वेगळ्याच कारणाने प्रसिद्ध झाला. जून २०२२ मध्ये या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग अंथरण्यात आला आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. रस्ते बांधण्याचा वेग किती वाढला आहे, याचे हे ठळक उदाहरण मानता येईल.

अमरावती ओलांडून नागपूरकडे जाताना मोझरी येथे गुरुकुंज आश्रम आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये स्थापन केलेल्या या आश्रमातच त्यांची समाधी आहे. गावाच्या उन्नतीचा विचार मांडणारी ग्रामगीता त्यांनी रचली. भरधाव महामार्गाच्या अगदी कडेला असलेला हा आश्रम पाहण्यासाठी कोणतीही वाट वाकडी करावी लागत नाही.

सीमेपलीकडचा मराठी धागा

नागपूरहून पूर्वेकडे भंडाऱ्याजवळ वैनगंगा ओलांडावी लागते. साकोली आणि देवरी मागे पडल्यावर जंगल दाट होते व राज्याची सीमा येते. सीमेपलीकडचे पहिले मोठे शहर म्हणजे राजनांदगाव.

येथील दिग्विजय महाविद्यालय पूर्वीच्या संस्थानिकांच्या राजवाड्यात, तलावांच्या सान्निध्यात भरते. हिंदीतील थोर कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून येथे अध्यापन करीत होते. त्यांची मातृभाषा मराठी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीतील नामवंत कवी आणि कादंबरीकार. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषांत साहित्यनिर्मिती केली. गजानन मुक्तिबोध १९६४ मध्ये निवर्तले. महाविद्यालयाच्या परिसरात त्यांचे स्मारक असून, मराठी प्रवाशाने पाऊण तास काढून पाहावे असे हे ठिकाण आहे.

राजनांदगावच्या पुढे शिवनाथ नदी आणि तिच्या पलीकडे दुर्ग. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी १७४१ मध्ये छत्तीसगडवर चाल केली, तेव्हा दुर्ग हे त्यांचे तळाचे ठिकाण होते. रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर या मोहिमेचे नेतृत्व करीत होते. पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथे राहून या प्रांताचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर हा प्रदेशही इंग्रजी अमलाखाली गेला. आज ज्या रस्त्याने आपण चार-पाच तासांत नागपूर गाठतो, त्याच दिशेने सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी या प्रांताचे आदेश, वसुली आणि माणसे ये-जा करीत होती.

दुर्ग-भिलाईत हा महामार्ग आजही 'जी. ई. रोड' म्हणूनच ओळखला जातो. ग्रेट ईस्टर्न रोड या ब्रिटिशकालीन नावाचे ते संक्षिप्त रूप. महामार्गाचा क्रमांक बदलला तरी पद्मनाभपूर आणि आसपासच्या वसाहतींतील पत्ता सांगताना हेच नाव वापरले जाते.

भिलाई: पोलादाची आणि पाषाणाची

भिलाईची सर्वात मोठी खूण अर्थातच पोलाद कारखाना. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी यासंबंधीचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. भारतीय रेल्वेचे असंख्य रूळ याच कारखान्यातून आले आहेत. त्यासाठीचे लोहखनिज दल्ली-राजहरा येथील खाणींतून येत असे. दोन देशांच्या मैत्रीची आठवण म्हणून १९७२ मध्ये उभारलेली 'मैत्री बाग' ही येथील बाग व प्राणिसंग्रहालय मुलांसह प्रवास करणाऱ्यांस सोयीचे आहे.

याच भिलाईच्या पूर्व अंगाला, चरोदाजवळील देवबलोदा येथे कलचुरी काळातील महादेवाचे मंदिर आहे. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील या मंदिराच्या बाह्य भिंतींवर शिल्पांच्या रांगा असून शेजारी कुंड आहे. मंदिरास शिखर नाही. ते अपूर्णच राहिले, असे परिसरात सांगितले जाते. महामार्गापासून थोड्याच अंतरावर असूनही फलकाकडे लक्ष न गेल्यास ते सहज निसटते.

रायपूरच्या पलीकडे आरंग येथे 'भांड देऊळ' हे प्राचीन जैन मंदिर असून, त्यात तीन तीर्थंकरांच्या उंच मूर्ती आहेत. महानदी ओलांडल्यावर सिरपूरचा फाटा लागतो. तेथील विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातील. पती हर्षगुप्त यांच्या स्मरणार्थ राणी वासटा यांनी ते बांधविले. चिनी प्रवासी ह्युएन त्संग याच शतकात या प्रदेशात आला होता. आणखी पूर्वेस संबळपूरजवळ महानदीवरील हिराकूड धरण आहे. १९५७ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांनी त्याचे उद्घाटन केले.

बाह्यवळणाने काय बदलते?

या सर्व खुणांना एक समान प्रश्न भेडसावतो आहे. महामार्ग रुंद होतो तेव्हा तो गावाच्या आतून न जाता गावाला वळसा घालून जातो. दुर्गसाठी बाह्यवळण रस्ता झाला. भिलाईत उड्डाणपूल उभे राहिले. भारतमाला योजनेत दुर्ग-रायपूर-आरंग असा नवा सहापदरी मार्गही हाती घेण्यात आला. या मार्गावरून जाणारी लांब पल्ल्याची वाहने दुर्ग, भिलाई आणि रायपूर या तिन्ही शहरांना बगल देतील.

त्याचे लाभ उघड आहेत. शहरांतील कोंडी आणि अपघात कमी होतात, इंधन वाचते, मालवाहतूक जलद होते. परंतु जुन्या रस्त्यावरील चहाची टपरी, ढाबा, पंक्चर काढणारा आणि फळविक्रेता यांचे गिऱ्हाईक एका रात्रीत तुटते. देवबलोदा किंवा बाळापूर यांसारखी ठिकाणे तिकीट आणि जाहिरात यांवर जगत नाहीत. जाता-जाता वळणारा प्रवासी हाच त्यांचा खरा अभ्यागत. तो येईनासा झाला की फलक गंजतात, वाट झुडपांनी बुजते आणि देखभालीची मागणी करणारेही कोणी उरत नाही.

न थांबण्याचा धोका

दुसरा प्रश्न जिवाचा आहे. रस्ता जितका सरळ आणि निर्विघ्न, तितका चालकाचा मेंदू सुस्तावण्याचा संभव अधिक. डोळे उघडे असतात, हात चाकावर असतात. पण भोवतालची नोंद घेण्याचे काम मंदावते. या अवस्थेस 'महामार्ग संमोहन' म्हटले जाते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यानंतर हा शब्द महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाला. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ झालेल्या बस अपघातात २५ प्रवाशांचा मृत्यू झाला, तेव्हा लांब पल्ल्याच्या चालकांची विश्रांती आणि या मार्गावरील थांब्यांची उणीव हे दोन्ही विषय ऐरणीवर आले. ७०१ किलोमीटरचा हा मार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला.

चालकाला विश्रांती हवी, हे कायद्यानेही फार पूर्वी ओळखले होते. सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती दिल्याखेरीज चालकास कामावर ठेवू नये, असा दंडक १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने घातला होता. तो व्यावसायिक वाहतुकीसाठी होता. स्वतःची मोटार चालविणाऱ्या कुटुंबप्रमुखाला असा कोणताही दंडक नसतो. 'आता थेट नागपूरच' हा घरच्यांचा आग्रह आणि अंधारापूर्वी पोहोचण्याची घाई यांपुढे शरीराचा थकवा दुय्यम ठरतो. दर दोन तासांनी गाडीबाहेर पडून दहा-पंधरा मिनिटे चालणे, हा त्यावरील साधा उपाय आहे.

केवळ 'थांबा' असे सांगितल्याने मात्र कोणी थांबत नाही. थांबण्यासाठी काहीतरी निमित्त लागते. वाटेतली खूण हे असे निमित्त आहे. मुलांना मंदिरावरील शिल्पे दाखविण्यासाठी उतरलेला चालक नकळत आपले पाय मोकळे करतो, पाणी पितो आणि डोळ्यांना विसावा देतो.

थांबताना काय पाहावे?

थांबण्याची जागा निवडणे हेही तितकेच महत्त्वाचे. महामार्गाच्या मार्गिकेवर, वळणावर, पुलावर किंवा उड्डाणपुलाच्या तोंडाशी छायाचित्रासाठी वाहन उभे करणे घातक आहे. मागून येणाऱ्या ट्रकला उभ्या वाहनाचा अंदाज येईपर्यंत उशीर झालेला असतो. वाहन सेवारस्त्यावर, वाहनतळावर किंवा फाट्याच्या आत नेऊनच उभे करावे. वाहन बिघडल्यास धोक्याचे दिवे लावावेत, मागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा आणि प्रवाशांना रस्त्याच्या कठड्यापलीकडे न्यावे. राष्ट्रीय महामार्गांवर मदतीसाठी १०३३ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

थांबे प्रवासाला निघण्यापूर्वीच ठरविलेले बरे. पद्मनाभपूरहून नागपूरला सकाळी निघणाऱ्या कुटुंबाने राजनांदगावला मुक्तिबोधांच्या स्मारकापाशी पहिला, देवरी किंवा साकोली येथे भोजनाचा दुसरा आणि वैनगंगेपलीकडे भंडाऱ्यात चहाचा तिसरा थांबा ठेवल्यास एकूण वेळ दीड तासाने वाढेल. जंगलाचा टप्पा मात्र दिवसाउजेडी पार होईल, हे पाहावे. नागपुरात पोहोचल्यावर झिरो माइलपाशी उभे राहून मुलांना त्या दगडाचा खरा अर्थ सांगता येईल.

रस्ते यापुढेही रुंद होतील, वळणे कमी होतील, आणि ते होणे गरजेचेही आहे. त्यासोबत प्रत्येक बाह्यवळणाच्या तोंडाशी आत काय आहे हे सांगणारा स्पष्ट फलक, वाहने उभी करण्यास जागा, पिण्याचे पाणी आणि स्वच्छतागृह एवढी व्यवस्था झाली, तर या खुणा पुन्हा प्रवाशांच्या वाटेवर येतील. ही व्यवस्था करणे शासनाचे आणि स्थानिक संस्थांचे काम आहे. फाट्यावर गाडी आत वळविणे मात्र प्रवाशाच्याच हाती आहे.